कौसाबाईचं खुरपं

वाशीम जिल्ह्यातल्या मेडशीच्या शाळेत बदली झाली तेव्हा मला खोली मिळाली ती एका कादंबरीकाराच्या घरात. आधी ठाऊक असतं तर मी बहुधा दुसरी खोली शोधली असती. मी एम. ए. मराठी, आणि घरमालक म्हणजे ज्यांचं नाव पुस्तकाच्या नावापेक्षा मोठ्या टायपात छापतात त्यांपैकी एक. मुखपृष्ठावर समुद्र, लाल मोटार आणि केस उडालेली बाई. स्टँडवरच्या स्टॉलला दोरीवर चिमटा लावून लटकवलेली असतात ती पुस्तकं. आमचे एक प्राध्यापक अशा पुस्तकांना 'वाचून विसरायचं साहित्य' म्हणायचे. ते मी वहीत उतरवून घेतलं होतं आणि परीक्षेतही लिहिलं होतं.

कामरगावला आईला फोन करून घरमालकांचं नाव सांगितलं. 

"तेच? पुस्तकवाले?" आई म्हणाली. "खरंच त्यायच्या घरात राहून राह्यली तू?"

"हो."

"माय व!" मग आवाज एकदम खाली. "एक काम कर. त्यायले इचार, का त्या पुस्तकातल्या धाकट्या सुनेचं पुढं काय झालं? ते घर सोडून गेली अन् पुस्तक सपलं. वीस वर्षं झाली, मी इचार करून राह्यली."

माझी आई कादंबऱ्या वाचते हे मला त्या दिवशी कळलं. पिठाच्या डब्यामागं ठेवायची म्हणे. घरात एम. ए. झालेली मुलगी, म्हणून कधी बोलली नाही.

तो प्रश्न विचारायला मला महिना लागला. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. एका संध्याकाळी ते ओसरीत चहा पीत बसले होते तेव्हा विचारून टाकला, तोही 'आईनं विचारलंय' हे तीनदा सांगून. त्यांनी कप खाली ठेवला.  मग म्हणाले, "आईले सांगा, तिले पोरगी झाली. सासू आता तिच्यापाशीच राह्यते. आधी दोघींचं पटत नव्हतं, आता पटते."

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मले वाटलंच होतं," आणि त्या दिवसापासून माझ्या नोकरीविषयी तिची काही तक्रार राहिली नाही.

गाव त्यांना पुस्तकवाले काका म्हणायचं, मीही काकाच म्हणू लागले. उंच, थोडे वाकलेले. बारा महिने अंगात बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर. एप्रिलच्या उन्हातसुद्धा. त्या स्वेटरला आतल्या बाजूनं काकूंनी एक खिसा शिवून दिला होता आणि त्यात एक लाल पेन्सिल असायची. चालायचे इतके हळू की शेजारून गेले तरी ऐकू येत नसे. स्वेटरला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा, त्यावरून कळायचं. आज त्यांची आठवण काढते तेव्हा आधी तो वास येतो, मग ते येतात.

त्यांचे काही नियम होते. मेडशीतल्या कुणाही जित्या माणसाचं नाव पुस्तकात घालायचं नाही. खलनायकाला आपलंच आडनाव द्यायचं, "म्हंजे भांडन घरातच राह्यते." आणि पुस्तकाच्या शेवटी 'समाप्त' लिहायचं नाही. सगळे 'समाप्त' लिहितात, हे लिहायचे 'इथवर'. प्रकाशकानं कितीदा तरी बदललं, यांनी प्रुफात दर वेळी पुन्हा केलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मॅडम, मानसं पुढं जगून राह्यली असतात ना. आपुन त्यायच्यासंगं इथवर आलो, एवढंच."

पण हे सगळं नंतरचं. मी त्यांना खऱ्या अर्थानं पाहिलं ते पहिल्या हिवाळ्यात, एका रविवारी, काकूंच्या मळ्यात.

मळा काकूंचा, हे आधी स्पष्ट केलं पाहिजे. सातबाऱ्यावर नाव काकांचं असेल. पण मेथी कधी टाकायची, कांद्याला पाणी कधी सोडायचं, जवळच्या मालेगावच्या बाजाराला सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, किती जुड्या पाठवायच्या, हे सगळं काकूंच्या बोटावर. काकांना पालक आणि चुका यांतला फरक कळत नसे. ते मळ्यात यायचे ते वाचायला.

डोंगराकडून धुकं उतरलेलं होतं. विहिरीवरचा शेवगा अर्धाच दिसत होता. कांद्याच्या वाफ्यांत सात-आठ बाया उकिडव्या बसून निंदत होत्या, डोक्यावरून पदर, पदरावरून मफलर, आणि त्यांच्यासमोर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, काका हातात वही धरून येरझाऱ्या घालत होते. वाचत होते. स्टँडवर गाड्या पुकारतात तसल्या सपाट आवाजात. नायिका रडली तरी तोच आवाज, खून झाला तरी तोच. खाली खुरप्यांचा आवाज, कच्च कच्च कच्च, आणि त्याच्यावर हा आवाज तरंगत होता. मी धुऱ्याच्या टोकाशी उभी राहिले. शाळेतल्या वह्या तपासायच्या होत्या, पण पाय हलेना.

तेवढ्यात एक खुरपं थांबलं. मग दुसरं. मग चार-पाच. बाया तोंड वर करून बघू लागल्या. काकाही थांबले, स्वेटरच्या आतून लाल पेन्सिल काढली, वहीच्या समासात एक खूण केली, पेन्सिल आत ठेवली आणि मग पुढं वाचू लागले.

ती त्यांची पद्धत होती. खुरपं थांबलं ती जागा चांगली. जिथं खुरपी चालूच राहिली ते पान पुन्हा लिहायचं. दोन-दोन तास एकही खूण पडली नाही तर सगळं प्रकरण फाडून टाकायचे. कुठल्याही संपादकाला त्यांनी आधी हस्तलिखित दाखवलं नाही. आणि सपाट आवाजाचं कारणही तेच होतं: "आवाज काढून वाचलं त बाया आवाजाले भुलतात. मंग लिहिलं काय अन् नाई काय."

काकूंचा या पद्धतीला जन्माचा विरोध. मजुरी द्यायची त्यांनी, आणि बाया खुरपी टाकून आकाशाकडे बघत बसणार. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. काका वही घेऊन निघाले की काकू म्हणायच्या, "आज जरा रटाळ वाचा. कांदा निंदायचा हाये."

आणि काका गंभीरपणे, "बरं. आज निसर्गवर्नन हाये."

काका लेखक कसे झाले हे त्यांनी मला दोन-तीनदा सांगितलं, दर वेळी तसंच. तरुणपणी ते सायकलवर पुस्तकं घेऊन फिरायचे. मेडशी, मालेगाव, शिरपूर जैन, मधली खेडी. भाड्यानं पुस्तक द्यायचं, आठवड्यानं परत न्यायचं. पुस्तकं रद्दीतून आणलेली, त्यामुळं पुष्कळ पुस्तकांची शेवटची पानं गायब. कुणीतरी त्यात फुटाणे खाल्लेले असायचे. शिरपूरला मंदिराच्या वाटेवर एका किराणा दुकानदाराची बायको होती. ती एकदा पुस्तक परतच देईना. "शेवट आना, तवा पुस्तक न्या." हे तिच्या ओसरीत बसले, वहीची चार पानं फाडली, शेवट लिहिला, खळ मागून घेतली आणि चिकटवून दिला. पुढच्या आठवड्यात गेले तर बाई म्हणाली, "शेवट मस्त होता. पन अक्षर काहून बदललं?"

"त्या दिवशी मले समजलं," काका म्हणायचे, "लेखक व्हायले काई लागत नाई. पुढं काय झालं हे कोनीतरी इचारलं पाह्यजे, बस."

नंतर ते दुसऱ्यांच्या पुस्तकांचे शेवट लिहीत राहिले, मग एकदा आख्खं पुस्तक लिहिलं, मग थांबलेच नाहीत. शंभराच्या वर कादंबऱ्या. पत्र यायचं ते नुसतं त्यांचं नाव आणि 'मेडशी' एवढ्या पत्त्यावर. एकदा वाशीमला त्यांचा सत्कार झाला. भाषण करणाऱ्या एका विद्वानानं सांगितलं की असं लेखन प्रवासात वेळ घालवायला ठीक असतं. काका घरी येऊन मला कौतुकानं म्हणाले, "बराबर बोलला तो. प्रवासात वेळ जात नाई हो." मिळालेली शाल काकूंनी मेथीच्या टोपल्यावर घातली. घरातल्या सगळ्या सत्काराच्या शालींचं तेच व्हायचं. ओली करून टाकली की भाजी बाजारापर्यंत ताजी राहते. मी एम. ए. मराठी, मला ते बघून आधी हसू आलं आणि मग जरा वाईट वाटलं. काकांना काहीच वाटत नव्हतं.

त्यांना वाटायचं ते एकाच गोष्टीचं. कौसाबाईचं.

कौसाबाई त्या बायांतली सगळ्यांत थोरली. बारीक, काळीसावळी, कपाळावर गोंदलेलं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. काकूंच्या मळ्यात ती पहिल्यापासून, म्हणजे काकांच्या बहुतेक सगळ्या कादंबऱ्या तिच्या डोक्यावरून गेलेल्या. आणि इतक्या वर्षांत तिचं खुरपं एकदाही थांबलं नव्हतं. एकदाही. सगळ्या बाया खुरपी टाकून, तोंडावर हात ठेवून बसलेल्या असत, आणि त्या शांततेत एकच आवाज, कच्च कच्च कच्च. मान खाली, हात चालू, वाफा पुढं सरकतोय. काकू म्हणायच्या, "माह्यी खरी मजूर ते एकटी."

काकांनी तिच्यासाठी काय काय करून पाहिलं! पहिल्याच पानावर खून घातला. खजिना घातला. ज्या नायिकेवर सगळ्या बायांचा जीव, तिला दुसऱ्या प्रकरणात मारून टाकलं. रुख्मा नावाची मजूर रडत घरी गेली आणि दोन दिवस कामाला आली नाही. कौसाबाईचं खुरपं चालू. एकदा पुनर्जन्म घातला. त्या वेळी कौसाबाईनं तोंड वर केलं, काकांनी श्वास रोखला, आणि ती काकूंना म्हणाली, "या वाफ्याले पानी नाई आलं वो."

"मॅडम," काका मला म्हणायचे, "सारा महाराष्ट्र फसवता येते. एक बाई नाई फसत."

हे ते हसत म्हणायचे, पण मला त्यांचे डोळे दिसायचे. रोज ओसरीत बसून वाचकांची पत्रं वाचताना ते मधूनच थांबत आणि मळ्याच्या दिशेला बघत. मला आधी ही एक गंमत वाटायची, लेखकाचा एक चाळा. मग हळूहळू कळलं की हा माणूस खरोखर, मनातल्या मनात, स्वतःला अजून नापास समजतो.

नागपूरहून एक पत्रकार आला होता मुलाखतीला, सोबत कॅमेरेवाला. त्यानं बांधिलकी वगैरे बरंच विचारलं. काका त्याला सरळ मळ्यात घेऊन गेले. कॅमेरा बघून सगळ्या बाया खुरपी सोडून पदर नीट करू लागल्या. काका म्हणाले, "हे खुरपे फोटोसाठी थांबले. हे मोजाचं नाई." मग कौसाबाईकडे बोट दाखवलं, "या माह्या समीक्षक. अजून पास नाई केलं मले." पत्रकार हसला. छापून आलं तेव्हा फोटोखाली 'लेखक शेतमजुरांसोबत' असं काहीतरी होतं, आणि त्यात कौसाबाईची फक्त पाठ दिसत होती.

एकदा त्यांनी तिला सरळ विचारलं. मी तिथंच होते, मेथी निवडत. जेवणाची सुट्टी होती, बाया शेवग्याखाली भाकरीची फडकी सोडून बसलेल्या. काका तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, शाळेतल्या मुलासारखे, वही छातीशी धरून.

"कौसाबाई, गोष्ट आवडत नाई का तुले?"

कौसाबाईनं घास गिळला. "आवडते ना, भाऊ."

"खरं सांग."

"आवडते म्हटलं ना."

काका मान हलवून निघून गेले. मला नंतर म्हणाले, "मनाचं मोठेपन हाये तिचं. तोंडावर नाई म्हनली नाई."

मग मोबाइल आले. आधी होतेच, पण आता प्रत्येक बाईच्या पोलक्यात आले. काका वाचत असताना कुठून तरी गाणं सुरू व्हायचं. एक दिवस सगळी खुरपी एकदम थांबली, काकांचा चेहरा उजळला, पेन्सिल काढली. आणि बघतात तर सगळ्या रुख्माच्या मोबाइलवर कुणाच्या तरी लग्नातला नाच बघतायत. काकांनी वहीत तरीही खूण केली आणि शेजारी लिहिलं, 'इथं नाच'. ते मी स्वतः पाहिलं आहे. कौसाबाईनं तोही नाच पाहिला नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. तेवढाच त्यांना दिलासा.

भाड्यानं पुस्तकं देणारी दुकानं एकेक करून बंद झाली. प्रकाशकाचा फोन आला, आता लोक कानानं ऐकतात, छोटं लिहा, दहा मिनिटांत खून पाहिजे. काका म्हणाले, "दहा मिनटात त माह्यी नायिका वेनी बी घालत नाई." फोन ठेवला आणि त्यानंतर वर्षभर त्यांनी काहीच लिहिलं नाही. दुपारी विहिरीवर खुर्ची टाकून बसायचे. शेवग्याची फुलं स्वेटरवर पडायची, ती झटकायचे नाहीत. मी शाळेतून येताना लांबूनच बघायची. अंग पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं, डोळे अर्धे मिटलेले, आणि ओठ मात्र हलतायत.

मग एक दिवस वही पुन्हा दिसली. मला बोलावून म्हणाले, "ही कौसाबाईसाठी."

"तिला वाचून दाखवली?"

"नाई. पुरी झाल्याशिवाय नाई. बाकीची पुस्तकं थोडी थोडी दाखवली, म्हनून फसलो. हे एकदम."

त्यांनी मला मधलीच काही पानं वाचू दिली.  समुद्र नाही, मोटार नाही. एक बाई दर दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाते, तशी कौसाबाई नवरा होता तोवर जायची. नवरा तिकडंच मरतो. परतीच्या वाटेवर ट्रक एका नदीशी थांबतो, बाई पाणी प्यायला खाली उतरते, आणि ट्रक तिला विसरून निघून जातो. मग ती पायी निघते. नदीच्या काठाकाठानं, गाव विचारत विचारत. एका गावात तिला भाकरी मिळते, एका गावात एक शेळी तिच्या मागं लागते आणि सोबत येते. कुणाचा खून नाही. नुसतं चालणं. आणि ती बाई शंभर पुस्तकांतल्या नायिकांसारखी शुद्ध बोलत नव्हती. 'मले' म्हणत होती, 'काहून' म्हणत होती. वाचता वाचता मला वाटलं, आपणही त्या काठानं चाललोय, ओली वाळू पायाला लागतेय. मी वही परत दिली आणि खोलीत आले. आमच्या प्राध्यापकांचा तो शब्द मला त्या दिवशी आठवला आणि स्वतःची लाज वाटली.

काका गेले ते कांद्याची रोपं लागल्यावर, दुपारी, विहिरीवरच्या खुर्चीत. मांडीवर वही, पेनचं टोपण उघडं. काकूंना वाटलं डोळा लागलाय, गारवा होता म्हणून त्यांनी टोपल्यावरची एक शाल झटकून त्यांच्या अंगावर घातली आणि पाणी सोडायला गेल्या. परत आल्या तेव्हा शाल तशीच होती.

तेरावं झालं. पाहुणे गेले. त्यानंतरच्या रविवारी सकाळीच काकू माझ्या दारात. हातात वही आणि लाल पेन्सिल.

"कांदा निंदायचा हाये. बाया सांगून ठेवल्या. तुमी वाचा."

"मी? काकू, मला नाही जमणार. आणि ती पुरी कुठं झालीय?"

"त्यायनं लिहिली कोनासाठी? कपाटासाठी?"

मग मी गेले. धुकं होतं. धुऱ्यावर उभी राहून वही उघडली. बाया खाली बसलेल्या, कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी ठरवलं होतं की काकांसारखंच वाचायचं, सपाट. पहिली काही पानं अडखळत वाचली. खुरप्यांचा आवाज सुरू झाला आणि मला जरा धीर आला.

नदीची जागा आली. बाई ओंजळीनं पाणी पिऊन वर येते आणि रस्त्यावर ट्रक नाही. नुसती धूळ. खुरपी थांबली. रुख्माचं, तिच्या शेजारणीचं, सगळ्यांची. मीही थांबले आणि पेन्सिल हातात घेतली.

कच्च कच्च कच्च.

"थांबू नोका, मॅडम," कौसाबाई मान वर न करता म्हणाली. "वाचा. त्यायची बी हेच खोड होती. खुरपं थांबलं का गोष्ट थांबे त्यायची. या साऱ्या बह्याड, चांगली जागा आली का हात टाकून बसत. मंग ते थांबत, पेन्शिल काढत, खून करत. जीव टांगनीले लागे. म्या म्हटलं, एक त खुरपं चालू राह्यलं पाह्यजे. नाई त हा मानूस पुरी गोष्ट कदी सांगनार?"

 धुऱ्याच्या त्या टोकाला काकू उभ्या होत्या. त्यांनाही ऐकू गेलं होतं.

"अव, मंग सांगाचं नाई का त्यायले एकडाव!" काकू ओरडल्या. त्यांचा आवाज फाटला. "जलमभर त्यायले वाटे का तुले गोष्ट आवडत नाई!"

"त्यायनं इचारलं, आवडते का. मी आवडते म्हटलं." कौसाबाईचा हात आता जोरात चालत होता, गवताबरोबर एखादं रोपही निघत असेल. "खुरपं काहून थांबत नाई, हे त्यायनं कदी इचारलंच नाई."

 काकू धुऱ्यावरच खाली बसल्या. मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं, काकांसाठी, त्या शेवग्याखालच्या प्रश्नासाठी, दोन माणसं इतकी वर्षं एकाच वाफ्यात असून हुकली त्यासाठी.

"वाचा, मॅडम," कौसाबाई म्हणाली.

मी वाचलं. आता बाया थांबल्या तरी मी थांबत नव्हते. नदी, गावं, शेळी. उन्हं वर आली, धुकं विरलं, शेवगा पूर्ण दिसू लागला. पुस्तकातली बाई घराजवळ आली. वेशीवर पोहोचली तेव्हा दिवस कलला होता. घराला कुलूप तिनं स्वतः लावलं होतं, किल्ली कमरेला होती, घरात कुणी उरलेलं नव्हतं. आणि तिनं पाहिलं, की तिच्या घरातून चुलीचा धूर निघतोय.

मी थांबले.

"पुढं?" कौसाबाई म्हणाली.

"पुढं नाही, कौसाबाई. एवढंच लिहिलंय."

"'इथवर' लिहिलं हाये का?"

मी पान उलटून पाहिलं, जणू मला माहीत नव्हतं. "नाही."

खुरप्याचा आवाज आला नाही. मला आधी कळलंच नाही काय बदललंय. मग बघितलं. कौसाबाईनं खुरपं मातीत ठेवलं होतं. दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि ती वर बघत होती, माझ्याकडे नाही, वहीकडे.

मी लाल पेन्सिल घेतली आणि धुराच्या वाक्यासमोर समासात खूण केली. मला नीट दिसत नव्हतं, खूण वाकडी आली.

कौसाबाई उठली. हात लुगड्याला पुसले, वाफा ओलांडून वर आली आणि धुऱ्यावर माझ्याशेजारी बसली. इतकी वर्षं गोष्ट चालू असताना मी तिला उकिडवीच पाहिली होती. मांडी घालून बसलेली पहिल्यांदाच पाहत होते.

"त्याच्यात कोरी पानं हायेत का?" तिनं विचारलं.

"आहेत. बरीच."

"मंग लिहा. चूल कोनं पेटवली, ते मले मालूम हाये."

रुख्मा खुरपं टाकून आली, तिच्यामागून बाकीच्या आल्या. मी घाबरून काकूंकडे पाहिलं, आता ओरडतील म्हणून. काकू धुऱ्यावरून सरकत सरकत आमच्याजवळ येत होत्या.

त्या दिवशी पुढं कांद्याचा एकही वाफा निंदून झाला नाही.